समुद्राच्या आधीचं ऊन

२२ मेच्या आसपास चिखलीत दुपारी बारा वाजून वीस मिनिटांनी उभ्या माणसाची सावली नाहीशी होते. सूर्य नेमका डोक्यावर आलेला असतो आणि विजेच्या खांबाची सावली खांबाच्याच बुडाशी गोळा होते. पणजीत हाच दिवस वीसेक दिवस आधी, मेच्या पहिल्या आठवड्यात येऊन गेलेला असतो. चिखलीहून गोव्याला निघालेल्या माणसाने पिशवी भरण्यापूर्वी एवढी गोष्ट ध्यानात घ्यावी, कारण समुद्राचं ऊन म्हणजे काही निराळीच चीज असावी असं आपल्याकडे बोललं जातं. दंडावर ताजा टॅटू काढून गोव्याला निघालेल्या पोराला जो तो बजावतो, ‘बीचवर जपून रे बाबा.’ चिखलीच्या उन्हात जप म्हणून कोणी सांगत नाही. माझं म्हणणं असं, की ऊन नव्या गोंदणाचं जे नुकसान करतं त्यातलं बरंचसं समुद्र दिसण्याच्या आधीच होऊन गेलेलं असतं. किनाऱ्यावर पोचल्यावर खरं भ्यायचं ते उन्हाला नव्हे, पाण्याला. आणि नेमकं तेव्हाच लोक शर्ट काढून पाण्यात उतरतात.

बुलढाण्याला वऱ्हाडातलं थंड हवेचं ठिकाण म्हणायची जुनी रीत आहे. खाली मलकापूर-खामगावच्या सपाटीवर मे महिन्यात भट्टी पेटलेली असते, तेव्हा घाट चढून वर आलं की हवा खरोखरच उतरल्यासारखी वाटते. चिखली त्याच पठारावर, बुलढाण्याहून जराशी खाली. माणूस फसतो तो इथेच. अंगाला जाणवते ती उष्णता. कातडी आणि रंग बिघडवतात ते अतिनील किरण, आणि ते मुळीच जाणवत नाहीत. हवा गार आहे म्हणून ते कमी होत नाहीत. उलट उंची वाढली की डोक्यावरचा हवेचा थर पातळ होतो आणि दर हजार मीटरमागे हे किरण सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात. म्हणजे सहाशे मीटरच्या आसपास असलेल्या या गावाला समुद्रसपाटीपेक्षा पाच-सहा टक्क्यांची भरच मिळते. समुद्राच्या बाजूचा हिशेबही मांडला पाहिजे, नाहीतर ही वकिली होईल. कोरडी वाळू आलेल्या अतिनील किरणांपैकी साधारण १५ टक्के परत फेकते, लाटांचा फेस २५ टक्क्यांपर्यंत. आपली काळी जमीन त्या मानाने फारच थोडे परत फेकते. तेव्हा वाळूवर उघड्या अंगाने पडून राहणाऱ्याला घटकाभरात जास्त ऊन मिळतं, हे कबूल. पण तो पडून राहणार किती? चार तास, फार तर दोन दिवस. चिखलीतल्या माणसाचा हात मोटारसायकलच्या हँडलवर, शेतात, आठवडी बाजारात रोज उन्हातच असतो, आणि त्याला तो ऊन म्हणून मोजतही नाही.

‘मग हिवाळ्यात जाऊ, तेव्हा ऊन कोवळं असतं’ हेही अर्धंच खरं. उन्हाचा जोर ओळखायला यंत्र लागत नाही. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडली, की ऊन कडक आहे असं समजावं. २२ डिसेंबरला, वर्षातल्या सगळ्यांत लहान दिवशी, चिखलीत भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ४६ अंशांवर असतो आणि सावली माणसाच्या उंचीएवढी, किंचित आखूडच भरते. पणजीत त्या दिवशी तो ५१ अंशांवर असतो. फरक आहे तो एवढाच. लंडनच्या आकाशात सूर्य ४६ अंशांवर चढायला एप्रिल उजाडावा लागतो. टॅटूच्या दुकानात काळजी घेण्याविषयी जे सांगतात ते पुष्कळदा तिकडच्याच मजकुरावरून उतरवलेलं असतं, आणि त्यात ‘सुट्टीत समुद्रकिनारी जाणार असाल तर’ असं एक वेगळं कलम असतं. ज्या देशात ऊन ही सुट्टी काढून भेटायला जायची गोष्ट आहे, तिथे ते कलम शोभतं. आपल्याला ते घराच्या उंबरठ्यापासून आणि बारा महिने लागू आहे. एप्रिल-मेच्या स्वच्छ दुपारी आपल्याकडे अतिनील निर्देशांक अकराच्या वर जातो, आणि जागतिक आरोग्य संघटना तीनपासूनच अंग झाका म्हणते.

आता जपायचं ते नेमकं काय? गोंदण म्हणा किंवा टॅटू म्हणा, कृती एकच: सुईने कातडीला भोकं पाडायची आणि रंग आत सोडायचा. न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओ’रायलीने १८९१ मध्ये एडिसनच्या विजेच्या लेखणीवरून टॅटूच्या यंत्राचं पेटंट घेतलं. तेव्हापासून सुईचा वेग वाढला, जखम तीच राहिली. वरची त्वचा कागदाच्या जाडीची असते आणि साधारण महिन्याभरात ती सगळी बदलते. रंग तिच्यातच ठेवला तर तो तिच्याबरोबर झडून जाईल. म्हणून तो तिच्याखाली, एक ते दोन मिलिमीटर खोल नेऊन सोडावा लागतो. तिथे शरीर त्याला परका समजतं. भक्षक पेशी धावून येतात, रंगाचे कण गिळतात, आणि ते पचत नाहीत म्हणून पोटात घेऊन तिथेच बसून राहतात. अशी पेशी मेली की रंगाचं काय होतं, हे फ्रान्समधल्या मार्सेयच्या संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांच्या शेपट्यांवर गोंदून तपासलं. मेलेल्या पेशीतून सुटलेला रंग तिच्या जागी आलेली नवी पेशी गिळून घेते. जन्माला पुरणारं गोंदण म्हणजे पेशींनी एकमेकींच्या हाती देत जपलेला ऐवज आहे. हे आतलं घर असं भक्कम. पण पहिले दोन-तीन आठवडे त्याचं छप्परच उडालेलं असतं. लस येते, पापुद्रा धरतो, खाज सुटते, खपली पडते. त्याखालून येणारी कातडी कोवळी असते, उन्हाला अडवणारा रंग तिच्यात अजून पुरता उतरलेला नसतो. त्या दिवसांत तिच्यावर ऊन पडलं की सूज उतरत नाही, फोड येतात, खपली जाड धरते आणि निघताना खालचा रंगही घेऊन जाते. मग दंडावरच्या वाघाच्या एका कानाला ठिगळ पडतं.

यावर वऱ्हाडात हमखास येणारा आक्षेप म्हणजे आजीचा. ‘आमच्या आजीने कुठलं मलम लावलं होतं? सत्तर वर्षं उन्हात राबली, गेलं का तिचं गोंदण?’ हा आक्षेप हसून टाळण्यासारखा नाही, कारण त्याचा पुरावा डोळ्यांपुढे हिंडतो आहे. चिखलीच्या रेणुकादेवीची यात्रा चैत्रात, म्हणजे कडक उन्हातच भरते, आणि अशा यात्रेत आजही म्हाताऱ्या बायांचे हात पाहिले तर त्यावर तुळस, रामबाण, विंचू दिसतात. कपाळावर चिरी, हनुवटीवर ठिपके दिसतात. ते टिकलं त्याचं पहिलं कारण काजळी. दिव्याच्या काजळीत कारल्याच्या पानांचा रस किंवा अंगावरचं दूध कालवून केलेला तो रंग म्हणजे शुद्ध कोळसा, आणि कोळशाला ऊन फोडू शकत नाही. आल्प्स पर्वतात १९९१ मध्ये बर्फात सापडलेल्या, सुमारे ५३०० वर्षांपूर्वीच्या माणसाच्या अंगावर ६१ गोंदणखुणा मोजल्या गेल्या आहेत, त्याही काजळीच्याच. आजच्या पोरांना मात्र लाल गुलाब हवा, पिवळा सूर्य हवा. या रंगांत बहुतेक कृत्रिम सेंद्रिय रंगद्रव्यं असतात. त्यातली काही अतिनील किरणांनी तुटतात, फिकी पडतात आणि तुटताना भलतीच रसायनं मागे ठेवतात. युरोपीय संघाने ४ जानेवारी २०२२ पासून टॅटूच्या शाईतल्या चार हजारांच्या घरातल्या रसायनांवर निर्बंध आणले, ते काजळीच्या धाकाने नव्हे.

दुसरं कारण नक्षीचं. आजीच्या गोंदणात ठिपका आणि रेघ एवढंच व्याकरण. ठिपका थोडा पसरला तरी तो ठिपकाच राहतो. नीट निरखलं तर त्या म्हाताऱ्या हातांवरची काळी रेघ हिरवट-निळी झालेली आणि कडेने फुटलेली दिसते. हिरवट दिसते ती रंग बदलला म्हणून नव्हे. कातडीच्या जाडीतून काळं निळसरच दिसतं. कडा फुटल्या त्या मात्र खरोखरच फुटल्या आहेत. विंचवाला ते चालतं. दंडावर आईचा किंवा शिवरायांचा चेहरा बारीक छटांनी काढून घेतलेला असेल, तर तेवढ्याच फुटण्याने चेहरा ओळखू येईनासा होतो. आणि तिसरं कारण असं, की ज्यांचं गोंदण पिकलं, हात सुजला, ताप चढला, त्यांची मोजदाद कोणी ठेवली नाही. जे टिकलं तेवढंच आपण पाहतो. मेल्यावर सोनं-नाणं इथेच राहतं, गोंदण तेवढं बरोबर येतं, अशी श्रद्धा ज्या समाजात होती तिथे ते नीट उतरलं की नाही, हा प्रश्नच कोणी विचारला नसणार. आजीला उन्हाची काळजी नव्हती असं मात्र मी म्हणणार नाही. भर दुपारी पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढून काम करणारी बाई उन्हाबद्दल जेवढं जाणत होती, तेवढं बिनबाह्यांचा बनियन घालून समुद्रावर निघालेला नातू जाणत नाही.

‘आपली कातडी सावळी, आपल्याला ऊन बाधत नाही’ हा आक्षेप त्याहून लबाड, कारण त्यात निम्मं सत्य आहे. सावळ्या कातडीतलं मेलॅनिन ऊन अडवतं, गोऱ्या माणसासारखी ती तासाभरात लाल होऊन सोलत नाही. पण जखमेची गोष्ट वेगळी. सावळ्या कातडीचा खरा त्रास भाजण्याचा नसून डाग धरण्याचा आहे. जिथे जिथे सूज येते, मग ती मुरुमाची असो की चटक्याची, तिथे ती बरी होताना जास्तीचं मेलॅनिन सोडते आणि काळा डाग महिनोन्‌महिने राहतो. ऊन त्या डागाला खतपाणी घालतं. गोंदणाचा रंग या थराच्या खाली बसलेला असतो. वर डाग धरला की खालचा निळा, पिवळा, पांढरा मळकट काचेतून पाहावा तसा दिसतो. मग लोक शाईला दोष देतात.

चिखलीला रेल्वे नाही. खामगाव-जालना मार्गाची मागणी इतकी जुनी आहे, की तिच्यावर पैज लावायलाही आता कोणी तयार होणार नाही. समुद्राकडे जायचं तर मलकापूरला जाऊन गाडी धरायची, नाहीतर देऊळगाव राजा, जालना, संभाजीनगर, पुणे, कोल्हापूर असा आठशे किलोमीटरच्या घरातला रस्ता. हा प्रवास गोंदणाच्या बाजूने कोणी पाहत नाही, म्हणून मी जरा रेंगाळतो. एसटीच्या खिडकीत दंड टेकवून बसलेल्या माणसाला वारा लागत असतो, त्यामुळे ऊन लागत नाही असं वाटतं. काच लावली तरी सुटका नाही. साधी काच भाजणारे लहान लहरींचे किरण पुष्कळसे अडवते, पण लांब लहरींचे, खोल शिरणारे अतिनील किरण तिच्यातून बरेचसे पार होतात. अमेरिकेतल्या एका ट्रकचालकाचं छायाचित्र २०१२ मध्ये तिथल्या एका प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं होतं: २८ वर्षं ट्रक हाकून खिडकीकडचा डावा गाल म्हाताऱ्याचा झालेला, उजवा त्या मानाने तरणा. एका प्रवासात कोणाचा गाल म्हातारा होत नाही, हे उघड आहे. पण चार दिवसांच्या जखमेला बारा तासांची खिडकी पुरते. पुण्याच्या पुढे रस्ता दक्षिणेला वळतो. तिथून सकाळी डाव्या बाजूच्या खिडकीत ऊन असतं आणि दुपारनंतर उजव्या. टॅटू कुठल्या हातावर आहे ते पाहून जागा धरावी, किंवा सरळ रात्रीची गाडी. रात्रीच्या गाडीची एवढी भलामण बहुधा कोणी केली नसेल.

मलमाच्या बाबतीत तर चिखली आणि समुद्र ही दोन वेगळी शास्त्रंच आहेत, आणि एकाच पत्रकावर दोन्हीकडे काम भागवण्याने घोटाळा होतो. एप्रिलमधली चिखलीची हवा कोरडी; दोरीवर टाकलेला टॉवेल अर्ध्या तासात कडक होतो. त्याच हवेत खपली वाळून कडक होते, हात वळवला की तडकते, आणि तडकलेल्या रेघेत रंग तुटतो. इथे साध्या, बिनवासाच्या मलमाचा पातळ हात दिवसातून तीन-चार वेळा फिरवावा लागतो. किनाऱ्यावर उलटं. तिथे घाम अंगावरच राहतो, टॉवेल दोन दिवस ओलसर असतो. चिखलीत ज्या प्रमाणात मलम लावत होता तेवढंच तिथे लावलं, तर त्याखाली घाम कोंडतो, खपली भिजल्या पावासारखी फुगते, पुरळ उठतं, जंतूंना ओलावा मिळतो. तिथे मलम कमी, हवा जास्त. खोबरेल तेलाबद्दलही मला हेच वाटतं. कोरड्या हवेत, खपली पडून गेल्यावर, ते वाईट नाही. दमट हवेत ओल्या जखमेवर त्याचा थर नको. हळद मात्र कुठेच नको. हळदीच्या गुणांवर माझा राग नाही. पण स्वयंपाकघरातली हळद निर्जंतुक नसते, तिचे कण उघड्या जखमेत अडकतात आणि सूज कुठली, हळदीचा पिवळा कुठला, हे डॉक्टरलाही कळेनासं होतं. त्याहून घातक म्हणजे मेडिकलच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली, खाजेवरची मिश्र मलमं. त्यात बहुतेकदा स्टिरॉइड असतं. खाज एका दिवसात थांबते, माणूस खूश होतो, आणि जखम भरण्याचं काम मागे पडतं. आत जंतू शिरलेले असतील तर सूज दबल्याने तेही लक्षात येत नाही.

समुद्राचं कलम लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट वगळली, ती चिखलीच्या माणसाने स्वतः भरून घ्यावी: माती. काळ्या मातीत आणि शेणात धनुर्वाताचे जंतू बीजरूपाने पडून असतात, वर्षानुवर्षं. सुयांनी चाळणी केलेला हात घेऊन गोठा साफ करणं किंवा शेतात राबणं म्हणजे त्यांना दार उघडून देणं. लसीकरणाच्या वेळापत्रकात दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची लस आहे. सोळाव्या वर्षाची चुकलेली पोरं पुष्कळ असतात आणि टॅटू काढण्याचं वय साधारण त्याच्या पुढचंच. टॅटूचे पैसे जमवताना या सुईची चौकशी आधी करावी. दुसरं पाणी. उन्हाळ्यात आपल्याकडे पाणी भरून ठेवून वापरावं लागतं आणि टाकीच्या तळाचं पाणी जखम धुण्याच्या लायकीचं नसतं. उकळून गार केलेलं पाणी, साधा साबण, स्वच्छ हात, टिपून कोरडं करणं, एवढंच करायचं आहे. होळीच्या सुमाराला सैलानीची यात्रा भरते, नारळांची होळी पेटते, लाखो पावलं धूळ उडवतात. मोठ्या जत्रांतून यंत्रावर दहा मिनिटांत नाव गोंदून देणारेही बसलेले असतात. एकच सुई किती हातांतून फिरली, हा प्रश्न तिथे उन्हापेक्षा पुष्कळ मोठा आहे: कावीळ ब आणि क, एचआयव्ही. गोंदून घेतल्यावर वर्षभर रक्तदान करू देत नाहीत, ते याच भीतीने.

मग समुद्र. ‘खारं पाणी जखम धुऊन काढतं’ असं किनाऱ्यावरही म्हणतात आणि चिखलीतही म्हणतात, जिथे समुद्र कोणी रोज पाहत नाही. दवाखान्यात जखम धुतात ते सलाईन ०.९ टक्के मिठाचं असतं आणि निर्जंतुक असतं. समुद्रात मीठ साडेतीन टक्के आणि जंतूंची गणती नाही. कोमट, निमखाऱ्या पाण्यात, विशेषतः खाडीच्या तोंडाशी, व्हिब्रिओ जातीचे जंतू वाढतात. पटकीचा जंतू याच कुळातला. अमेरिकेतल्या टेक्सासमधला एक ३१ वर्षांचा माणूस टॅटू काढल्यावर पाच दिवसांनी मेक्सिकोच्या आखातात पोहला, त्याच जखमेतून व्हिब्रिओचा एक प्रकार शिरला आणि तो वाचला नाही. ही हकिगत २०१७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदली गेली. तिचा उरलेला अर्धा भाग लोक गाळतात, तो मी गाळणार नाही: त्याचं यकृत दारूने आधीच बिघडलेलं होतं, आणि धडधाकट माणसाला असं होणं फार दुर्मीळ आहे. गोव्याला जाणाऱ्या सगळ्याच मंडळींचं यकृत सुट्टीत ठणठणीत असतं का, हा प्रश्न मी नुसता विचारून सोडतो. मधुमेह असलेल्याने तर हा धोका पत्करूच नये. पोहण्याच्या तलावात जंतू कमी असले तरी क्लोरिन असतो, आणि तास तासभर भिजलेली खपली फुगून निघते ती तिथेही तशीच. म्हणून तीन-चार आठवडे, म्हणजे खपली पूर्ण पडून कातडी सपाट आणि गुळगुळीत होईपर्यंत, बुडी नाही. पायाचे घोटे भिजवावेत, हात कोरडा ठेवावा. तिसऱ्या दिवसानंतरही लाली पसरत चालली, पू आला, ताप चढला किंवा दंडावरून लाल रेघ वर सरकू लागली, तर घरी परतायची वाट न पाहता तिथल्याच दवाखान्यात जावं.

‘सनस्क्रीन लावलं की झालं’ म्हणणाऱ्याला उत्तर थोडक्यात देता येतं. सनस्क्रीन धडधाकट कातडीसाठी असतं, उघड्या जखमेसाठी नाही. त्यातली रसायनं आत शिरून झोंबतात आणि काहींना पुरळ येतं. कातडी भरून आल्यावर जरूर लावावं, ३० किंवा त्याहून जास्त क्षमतेचं, दर दोन तासांनी, आणि रंगीत टॅटूला तर जन्मभर. पिवळ्या शाईत कॅडमियम असेल तर बऱ्या झालेल्या टॅटूलाही उन्हात सूज येऊ शकते. पण पहिल्या महिन्यात सगळ्यांत खात्रीचा उपाय म्हणजे सैल, घट्ट विणीचा, पूर्ण बाहीचा सुती सदरा, आणि तो आपल्याकडे कोणाला विकत आणावा लागत नाही. बीचवर तो घालून बसणं गावंढळ दिसतं, ही अडचण मला समजते, पण ती त्वचारोगशास्त्राच्या कक्षेत येत नाही. आपल्या भागात पहाटे रस्त्याने धावत सैन्यभरतीची तयारी करणारी पोरं दिसतात, त्यांच्यासाठी तर जागाही ठरलेली आहे. सर्वसाधारण उमेदवाराला कायमचा टॅटू चालतो तो कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाताच्या आतल्या बाजूला किंवा तळहाताच्या पाठीमागे. नियम करणाऱ्यांच्या मनात ऊन नसणार, पण यातली पहिली जागा हाताची सगळ्यांत सावलीची बाजू आहे. दुसरी मात्र मोटारसायकलवर सतत उन्हाकडे तोंड करून असते.

राहता राहिला मुहूर्त. गोव्याहून परत आल्यावर गोंदून घ्यावं, हे मला सगळ्यांत सरळ वाटतं. समुद्र आधी, सुई नंतर. दिवाळीनंतर पोचलेल्या थंडीत पूर्ण बाही अंगाला जड होत नाही, घाम नसतो, आणि दुपारची सावली आपल्या उंचीच्या जवळपास आलेली असते. कोणी म्हणेल, याहून पावसाळा बरा, तेव्हा ऊनच नसतं. पावसाळ्यात पेरणी-निंदणीचा चिखल असतो, न वाळणारे कपडे असतात, आणि पातळ ढगांतून अतिनील किरण बरेचसे खाली येतच असतात. जुलैच्या २१-२२ तारखेला सूर्य दुसऱ्यांदा चिखलीच्या नेमका डोक्यावर येतो. मेमध्ये आला होता तितकाच सरळ. पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं, सोयाबीन गुडघ्याला लागलेलं असतं, आणि खांबाला सावली आहे की नाही हे पाहायला कोणी थांबत नाही.